मेअखेरीस प्रथमच कोकणात जाताना

प्रश्न : आम्ही अकोल्याचे असून मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात गुहागर, गणपतीपुळे आणि शेवटी मालवण असा प्रवास करणार आहोत. कोकणात यापूर्वी कधी गेलेलो नाही. सोबत सत्तरी ओलांडलेली, रक्तदाबाची औषधे घेणारी आई आणि नऊ वर्षांचा मुलगा असेल. उन्हाची आम्हांला सवय आहे. परंतु समुद्र आणि साप-विंचू यांबाबत काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, अकोला

उत्तर : उन्हाची सवय आहे असे आपण लिहिले आहे, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात पारा बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे अकोल्याच्या माणसाला तो सौम्य भासतो. परंतु शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, आणि इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. त्यामुळे थकवा आणि चक्कर नकळत येते. याच कारणाने वऱ्हाडात उपयोगी पडणारा कूलर इथे निरुपयोगी ठरतो; खोली ठरवताना चांगला पंखा, समोरासमोरच्या खिडक्या आणि वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे का, हे विचारावे. अकरा ते चार या वेळेत आईंना बाहेर नेऊ नये. कोकम सरबत व शहाळे उत्तम. मात्र आईंना मीठ किती चालेल आणि त्यांच्या गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारे औषध आहे का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

समुद्राविषयी पहिली सूचना म्हणजे प्रवासाचा क्रम उलटा करावा. पावसाळ्यासाठी प्रवासी होड्या आणि जलक्रीडा अलीकडे साधारणपणे २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद ठेवल्या जातात, त्यामुळे मालवण शेवटी ठेवल्यास सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागेल. शक्य असल्यास आठवडाभर आधी निघून फोंडा घाटाने थेट मालवणला उतरावे.

पाण्यात उतरण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ ठाऊक असलीच पाहिजे. किनाऱ्यावरची माणसे ती तिथीवरून काढतात : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ओढ अधिक. पाणी उतरत असताना मुलाला पाण्यात सोडूच नये आणि एरवीही गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये. गणपतीपुळ्याला किनाऱ्याचा उतार तीव्र आहे. दोन पावलांत पाणी कमरेवर येते आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. तिथे चांगले पोहणारेही बुडाले आहेत, त्यामुळे स्थानिकांनी हटकल्यास कृपया वाद घालू नये.

साप-विंचवांची धास्ती घेण्याचे कारण नाही, पण हात कुठे घालतो याकडे लक्ष असावे. फुरसे हा लहानसा विषारी साप चिऱ्यांच्या गडग्यांत (जांभ्या दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंतींत) आणि दगडांखाली असतो. चेंडू गडग्यात गेला तर मुलाने तो स्वतः काढू नये. रात्री बॅटरीशिवाय अंगणातही जाऊ नये आणि चपला झटकून घालाव्यात. दंश झाल्यास कापणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिक यांत वेळ न दवडता थेट शासकीय रुग्णालय गाठावे, कारण फुरशाच्या विषावर प्रतिविष आहे. लाल विंचवाच्या विषाचा परिणाम हृदयावर होतो आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक असल्याचे दाखवून दिले; मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेत मिळायला हवे. मुक्कामी पोहोचताच जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे घरमालकांना विचारून ठेवावे.

आणखी एक : काजूच्या बागेत पडलेल्या ओल्या बिया मुले दातांनी फोडतात. सालातील तेलाने ओठ आणि बोटे भाजतात. मुलाला हे आधीच सांगून ठेवावे.