भिशीचे साठ हजार आणि दोन कॅमेरे

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही आकडे इतके नीट मांडले आहेत की उत्तर देणं सोपं जाईल असं आधी वाटलं होतं, पण कागद-पेन घेऊन बसल्यावर तसं झालं नाही. इतर वाचकांसाठी तुमची परिस्थिती थोडक्यात सांगतो.

तुम्ही कराडला एका खासगी कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहात. हातात ३१,००० पगार येतो, घरखर्च २४,०००, भिशीचा हप्ता ५,०००. घरात दीड वर्षाची मुलगी आहे. सुट्टीच्या दिवशी तुम्ही लग्नं, मुंजी, बारशी, डोहाळजेवणं यांचे फोटो काढता. गेल्या वर्षी अशी १४ कामं मिळून १,६५,००० रुपये जमा झाले, आणि अल्बमची छपाई, मदतनीस, पेट्रोल वजा जाता ९२,००० उरले. तुमच्याकडे निकॉन डी५२०० कॅमेरा, १८-१४० लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ आहे. आता एक तर नवा डी७५०० घ्यायचा (फक्त बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय कॅमेरा, हप्त्यावर ७२,०००, रोख दिल्यास ६८,५००), नाहीतर पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडचा वापरलेला डी७५० घ्यायचा (बॉडी ४८,०००, सोबत वापरलेली २४-१२० लेन्स २६,०००). दोन्हींची बेरीज जवळपास सारखी, आणि तिथेच तुम्ही अडकला आहात. तुमचा कल डी७५०० बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यावर घेऊन दिवाळीत मिळणारे भिशीचे ६०,००० पुढच्या लेन्ससाठी ठेवण्याकडे आहे.

आधी या हप्त्याबद्दल बोलू. रोखीने ६८,५०० आणि हप्त्याने ७२,००० म्हणजे ३,५०० रुपये व्याजच आहे, नाव काहीही असो. ३,५०० म्हणजे पाच टक्के, एवढंच ना, असं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, त्यामुळे वर्षभरात सरासरी निम्मीच रक्कम तुमच्याकडे राहते. तसा हिशेब केला तर दर वर्षाला सव्वानऊ-साडेनऊ टक्के पडतो. त्यात बँकेची प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी धरला की तो दहाच्या पुढे जातो. शून्य टक्के व्याजाच्या योजनांमध्ये व्याज बहुतेकदा दुसऱ्या नावाखाली लपवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

दहा-बारा टक्के व्याज म्हणजे काही जगबुडी नाही. मला काळजी आहे ती महिन्यांची. पगारातून घरखर्च आणि भिशी गेल्यावर तुमच्याकडे २,००० उरतात आणि हप्ता आहे ६,०००. उरलेले ४,००० फोटोच्या कामांतून येणार. ही कामं येतात कधी? तुळशीचं लग्न लागलं की सुरू होतात, पौषात थंडावतात, माघ ते ज्येष्ठ जोरात चालतात आणि आषाढी एकादशीनंतर चातुर्मासात लग्न-मुंजी बंद. मग बारशी आणि डोहाळजेवणं तेवढी राहतात. क्रेडिट कार्डाचा हप्ता मात्र पंचांग बघत नाही. त्या चार महिन्यांत एक हप्ता चुकला आणि रक्कम कार्डावर फिरत राहिली, तर बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. लग्नसराईवर चालणाऱ्या धंद्याला बाराही महिने सारखा हप्ता बसत नाही, म्हणून या खरेदीसाठी मला हप्ता नको वाटतो.

भिशीकडेही जरा वेगळ्या नजरेने बघा. पाडव्याला सुरू झालेली बारा जणांची भिशी, तुमचा नंबर दिवाळीत, म्हणजे आठवा. हातात ६०,००० येतील, पण त्यातले ४०,००० तुमचे स्वतःचे साठवलेले असतील आणि २०,००० इतरांनी बिनव्याजी दिलेले. ते पुढच्या पाडव्यापर्यंत चार हप्त्यांत फेडायचे आहेत. पगारातून ते निघतात, हरकत नाही. पण त्याच चार महिन्यांत कॅमेऱ्याचाही हप्ता आला, तर तुमच्यावर एकाच वेळी दोन कर्जं असतील, आणि त्यातलं एक तुम्ही कर्ज म्हणून मोजलेलंच नाही.

पत्रात तुम्ही बँकेतली ८०,००० ची ठेव आणि बचत खात्यातले ३८,००० लिहिले आहेत. त्या ठेवीला हात लावायचा नाही. तीन महिन्यांचा घरखर्च ७२,००० होतो. लहान मूल असलेल्या आणि एकाच पगारावर चालणाऱ्या घरात ही रक्कम कमीच आहे, जास्त नाही. बचत खात्यातले ३८,००० घरासाठी राहू द्या. म्हणजे कॅमेऱ्यासाठी खरा पैसा भिशीचा, ६०,०००. डी७५०० रोखीने घेतला तरी त्यात बसत नाही.

आता कॅमेऱ्यांकडे वळू. मी व्यवसायाने छायाचित्रकार नाही, पण गेली अनेक वर्षं स्वतः निकॉन वापरतो, आणि या दोन्ही बॉडी हाताळल्या आहेत.

डी७५०० हा २०१७ चा, २०.९ मेगापिक्सेलचा, छोट्या सेन्सरचा. सेकंदाला आठ फ्रेम, टचस्क्रीन, फोरके व्हिडिओ. तुमची १८-१४० त्यावर जशीच्या तशी चालेल. डी७५० हा २०१४ चा, २४.३ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. सेकंदाला साडेसहा फ्रेम, टचस्क्रीन नाही, फोरके नाही. माहितीपत्रकात डी७५०० चा आयएसओ (कमी उजेडात फोटो काढण्यासाठी वाढवायचा आकडा) ५१,२०० पर्यंत आणि डी७५० चा १२,८०० पर्यंत दिसतो, आणि त्यावरून नवा कॅमेरा अंधारात चौपट चांगला असं दुकानात सांगितलं जातं. तसं नाही. डी७५० च्या सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पट आहे. मंगल कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यांत ३,२०० किंवा ६,४०० आयएसओला काढलेले फोटो शेजारी ठेवलेत तर डी७५० चे स्वच्छ दिसतील. संध्याकाळच्या रिसेप्शनचे फोटो दाणेदार आल्याची तक्रार दोन गिऱ्हाइकांनी केली, असं तुम्ही लिहिलंय. त्या तक्रारीवर उतारा डी७५० चा आहे.

व्हिडिओचा विचार या निर्णयात आणू नका. डी७५०० चं फोरके सेन्सरच्या मधल्या भागातूनच घेतलं जातं, त्यामुळे दृश्य आणखी दीडपटीने आवळतं आणि छोट्या मांडवात मागे सरकायला जागा उरत नाही. शिवाय स्क्रीनवर बघून चित्रण करताना दोन्हींचा फोकस हळू चालतो. रील हव्या असतील तर मदतनीसाच्या हातात चांगला फोन द्या.

माझ्या मनाचा काटा मात्र दुसऱ्याच गोष्टीवर झुकला. डी७५०० मध्ये मेमरी कार्डाची एकच खाच आहे, डी७५० मध्ये दोन. दोन कार्डं घातली की प्रत्येक फोटो दोन्हींवर लिहिता येतो. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात छायाचित्रकाराचं कार्ड दुसऱ्या दिवशी उघडलंच नाही. अंतरपाट खाली आला, हार पडले, त्या वेळचा आमच्याकडे एकच फोटो आहे, मामांनी मोबाइलवर काढलेला, आणि त्यात तिच्या चेहऱ्यावर कुणाचा तरी हात आलाय. काकूंनी त्या माणसाला पैसे दिले, वाद घातला नाही, पण आमच्या नात्यात त्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तुमची १४ पैकी किती कामं ओळखीतून आली? कराडसारख्या गावात जवळपास सगळीच असणार. असा एक प्रसंग तुमच्या वर्षभराच्या ९२,००० वर पाणी फिरवू शकतो. जोखीम क्वचितची असली तरी झेपणारी नसेल तर तिचा बंदोबस्त आधी करायचा, हा नियम विम्याला लावतात, तोच इथे लावतोय.

नव्याच्या बाजूनेही खरी गोष्ट आहे, ती दडवत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचे शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप होणारे पडदे, दीड लाख क्लिकसाठी तपासलेले आहेत. व्यापाऱ्याकडचा डी७५० ६१,००० क्लिक झालेला आहे, म्हणजे ८९,००० उरले. एका कामाला तुम्ही सरासरी १,८०० फोटो काढता, म्हणजे वर्षाला सुमारे २५,०००. त्या हिशेबाने डी७५० साडेतीन वर्षं आणि डी७५०० सहा वर्षं. क्लिकमागे खर्च काढला तर जुना ५४ पैसे आणि नवा ४६ पैसे. म्हणजे नवाच स्वस्त! पण हा हिशेब तुम्ही सहाही वर्षं तोच कॅमेरा वापराल असं धरतो. निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०१८ पासून आपला जोर आरसा नसलेल्या (मिररलेस) कॅमेऱ्यांकडे वळवला आहे. तीन-चार वर्षांत तुम्हालाही तिकडे जावंसं वाटेल, आणि तेव्हा आज ६८,५०० ला घेतलेल्या बॉडीची किंमत रुपयांत जास्त घसरलेली असेल. डी७५० ची मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसून झाली आहे. दीड लाख हा आकडा तपासणीचा आहे, हमीचा नाही. शटर आधीही जाऊ शकतो, नंतरही. जुन्या कॅमेऱ्याला कंपनीची वॉरंटी नसते, म्हणून दुरुस्तीसाठी दर कामामागे ५०० रुपये वेगळे टाका. वर्षाला ७,००० होतात.

तर माझा सल्ला असा, आणि तो तुमच्या दोन्ही पर्यायांपेक्षा थोडा वेगळा आहे. डी७५० ची फक्त बॉडी घ्या, भिशीच्या पैशांतून, ४८,००० रोख. २४-१२० आत्ता नको.

तुमची ५० एमएम लेन्स फुल फ्रेमवर पूर्ण चालते. १८-१४० मात्र छोट्या सेन्सरसाठीची आहे, ती डी७५० वर लावू नका. कॅमेरा चित्राचा मधला भागच घेईल आणि सुमारे १० मेगापिक्सेल उरतील. ती डी५२०० वरच राहू द्या. म्हणजे एका खांद्यावर डी७५० आणि ५० एमएम, विधींसाठी, चेहऱ्यांसाठी, रिसेप्शनसाठी. दुसऱ्या खांद्यावर डी५२०० आणि १८-१४०, सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुप फोटोसाठी आणि मांडवाच्या रुंद दृश्यासाठी. एक बॉडी बंद पडली तरी काम थांबणार नाही. डी५२०० विकायचा विचार पत्राच्या शेवटी लिहिलाय, तो सोडून द्या.

भिशीतले १२,००० उरतील. त्यातून चांगल्या कंपनीची चार कार्डं, एक जादा बॅटरी आणि चोरी व अपघाती नुकसान दोन्ही धरणारा साहित्याचा विमा घ्या. पॉलिसी घेताना गाडीतून चोरी झाल्यास आणि घराबाहेर कामावर असताना नुकसान झाल्यास भरपाई मिळते का, हे लेखी विचारा. मार्गशीर्षातली पाच कामं तुमच्या हातात आहेत. कामामागे तुमचे साडेसहा हजार उरतात, म्हणजे पौष लागेपर्यंत बत्तीस हजारांच्या आसपास जमतील. ५० एमएमने अडतंय असं त्या पाच कामांत खरोखर जाणवलं तर तेव्हा २४-१२० घ्या. नाही जाणवलं तर २६,००० मुलीच्या नावाने राहतील.

कराबद्दल तुमच्या मित्राने सांगितलं की कॅमेरा धंद्याच्या नावावर घेतला की टॅक्स वाचतो. तुमच्या बाबतीत फारसं काही वाचणार नाही. सेवा व्यवसायात वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, तुमची नोंदणीही नाही. म्हणून डी७५०० च्या किमतीतले सुमारे १०,४५० रुपये जीएसटी परत मिळणार नाहीत. आणि तुमचे सीए फोटोचं उत्पन्न प्रत्यक्ष खर्च न मांडता, जमेच्या गृहीत टक्केवारीने दाखवत असतील, तर कॅमेऱ्याचा घसारा वेगळा मिळत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांना हे सारखंच लागू आहे, तेव्हा या मुद्द्यावर वेळ घालवू नका.

पुण्याला जाताना तुमची ५० एमएम आणि दोन रिकामी कार्डं बरोबर न्या. दोन्ही खाचांत कार्डं घालून फोटो दोन्हींवर उमटतात का बघा. काही डी७५० मध्ये शटरचा दोष निघाला होता आणि निकॉनने ते सिरियल नंबरवरून शोधून मोफत दुरुस्त करायची सोय केली होती. त्या यादीत हा नंबर आहे का आणि असल्यास काम झालंय का, हे आधी तपासा. मग पांढऱ्या भिंतीचे भर उजेडात, वेगवान शटरवर वीसेक फोटो काढा. एखाद्यातही काळपट पट्टा आला तर तिथूनच परत फिरा. ६१,००० हा आकडा व्यापाऱ्याच्या तोंडचा न धरता, आत्ता काढलेल्या फोटोच्या फाइलमधून वाचून घ्या. सगळं ठीक निघालं तर बिलावर सिरियल नंबर आणि पंधरा दिवसांत परत घेण्याची अट लिहून मागा. व्यापारी लिहून द्यायला तयार नसेल तर कॅमेरा कितीही चांगला दिसला तरी घेऊ नका, दुसरा शोधू. दिवाळीला अजून वेळ आहे.