मन थाऱ्यावर येत नाही, काय करू?

प्रश्न: वाळूजला कंपनीत शिफ्टची नोकरी. घरी आल्यावरही डोक्यात कामच फिरतं. ध्यानाला बसलो की चक्कर आल्यासारखं होतं.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: तुम्ही बहुधा जोरजोरात खोल श्वास घेताय. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. श्वास मोठा नको, सावकाश हवा. खुर्चीत बसा, अनवाणी तळपाय फरशीवर पूर्ण टेकवा. नाकानं 4 अंक मोजत श्वास घ्या, 6 अंक मोजत सोडा. पोट हलावं, खांदे नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. 5 मिनिटं पुरे. मन भरकटणारच, लक्षात आलं की पुन्हा 1 पासून मोजा, स्वतःवर चिडू नका.

आता डोक्यातल्या कामाचं. ते वहीत उतरवा, मोबाइलमध्ये नको; तिथं व्हॉट्सॲप वाटच बघत असतं. ‘पीएफचं काम’ असं मोघम लिहिलं तर ते रात्रभर घोळत राहतं. ‘सकाळी 11 ला पीएफसाठी फोन’ असं लिहा. झोपायच्या आधीच्या 6 तासांत चहा टाळा, म्हणजे झोप लागायला अडचण येणार नाही.

एरवीही चक्कर येत असेल, तर आधी बीपी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.