लायकाचा डिजिटल कॅमेरा एम११ घ्यावा, की त्यापेक्षा जुना फिल्मचा एम३ किंवा एम६ बरा? डिजिटलमध्ये तीच मजा येते का?

पैसे असतील तर एम११ घ्या. उत्तर खरं तर इथेच संपलं. पण प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय ना, "फिल्म कॅमेरा माणसाला शिस्त लावतो असं सगळे म्हणतात", त्याने माझं टाळकं सरकलं. हे वाक्य मी छत्तीस वर्षं ऐकतोय. म्हणणारा माझा सख्खा मामा आहे, आणि तो ते माझ्याकडे बघूनच म्हणतो.

मामा बोटीवर होता. १९७१ साली हाम्बुर्गला त्याने एक वापरलेला एम३ आणि ५० मिलिमीटरची समिक्रॉन लेन्स घेतली. गिरगावातल्या आमच्या चाळीत तो कॅमेरा चकलीच्या स्टीलच्या डब्यात राहायचा, सिलिका जेलच्या पुरचुंडीसकट. पावसाळ्यात खडे गुलाबी पडले की मामा ते मामीच्या तव्यावर परतून पुन्हा निळे करायचा. मामी त्यासाठी वेगळा तवा ठेवून होती. एवढं करूनही लेन्सच्या आत बुरशीचा एक कोळी बसलाच. मुंबईत राहून जुना कॅमेरा घ्यायचा विचार करताय तर हा खर्च आधी धरा. टॉर्च मारून लेन्सच्या आरपार बघितल्याशिवाय फोर्टातल्या कुठल्याही दुकानात पैसे काढू नका.

तर १९८९. आजीचं सहस्रचंद्रदर्शन. मामा मुलगा म्हणून पूजेला बसलेला, त्यामुळे एम३ पहिल्यांदाच माझ्या गळ्यात. मी बावीसचा. शंभर फुटी डब्यातून मामाने स्वतः कॅसेटमध्ये भरलेली ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, आणि ती कॅमेऱ्यात घालायचं काम माझं.

एम३ मध्ये फिल्म घालणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. तळाची प्लेट काढायची, आतली रिकामी रीळ बाहेर ओढायची, फिल्मचं टोक तिच्या खाचेत सरकवायचं, मग कॅसेट आणि रीळ दोन्ही एकदम खाली उतरवायची. वर प्लेट सांभाळायला तिसरा हात पाहिजे, मामा ती दातात धरायचा. १९६७ च्या एम४ पासून हे सोपं झालं, तीच सोय पुढे एम६ मध्येही आहे. एम३ मध्ये मात्र टोक खाचेत नीट बसलं नाही तर पुढे सगळं व्यवस्थित चालल्यासारखं वाटतं. लीव्हर फिरते, आकडा एकेकाने सरकतो, शटरचा तो मऊ आवाज येतो, आणि फिल्म आहे तिथेच.

मी छत्तीस फोटो काढले. गॅलरीत एक ट्यूब आणि बाकी निरांजनं, म्हणून लेन्स पूर्ण उघडी, शटरचा स्पीड सेकंदाचा पंधरावा भाग, श्वास रोखून. गुळाची तुला झाली, आजी इतकी हलकी की चौथी ढेप लागलीच नाही. मग तिला दोघांनी धरून कठड्याशी नेलं आणि समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून चंद्र दाखवला. ती हात जोडायच्या ऐवजी पदर सावरत होती. तो फोटो मला आजही चौकटीसकट आठवतो. मला एकट्यालाच आठवतो, कारण दुसऱ्या दिवशी मोरीत मामाने फिल्म धुवायची टाकी उघडून फिल्म उजेडात धरली तेव्हा टोकाला बोटभर काळं आणि पुढे काचेसारखी स्वच्छ पट्टी. आजी पुढच्या श्रावणात गेली.

मामाचं म्हणणं, घाई केलीस, शिस्त नाही. माझं म्हणणं, छत्तीस वेळा खटका दाबला आणि एकदाही जो कॅमेरा सांगत नाही की आत काहीच होत नाहीये, त्याची कसली शिस्त? मुक्या जनावरालाही वेदना झाली की कळवता येतं. लग्नं, बारशी, मामाचा पंचाहत्तरावा वाढदिवस, सगळीकडे हा वाद एकदा तरी होतोच.

आता तुमचा प्रश्न. गेल्या वर्षी खुद्द मामाचं सहस्रचंद्रदर्शन झालं, मुलुंडला हॉल घेऊन. मामेभाऊ सिंगापूरहून एम११ घेऊन आलेला, पण तो पाटावर, म्हणून कॅमेरा पुन्हा माझ्याकडे. त्यावर मी मामाचीच समिक्रॉन चढवली. १९५४ मध्ये एम३ बरोबर लेन्स बसवायचा जो माउंट आला तोच २०२२ च्या एम११ ला आहे, लेन्स खट्कन बसते. मेन्यूत जाऊन कुठली लेन्स लावलीय तेवढं सांगावं लागतं, जुन्या लेन्सवर कॅमेऱ्याला ओळख पटवणारे ठिपके नसतात. फोकस करायची पद्धत तीच, दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या. त्या अर्थाने मजा तीच आहे, कोणी काही सांगो.

फरक पडतो तो डोळा लावायच्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये. मामाने पूजा आटोपल्यावर एम११ डोळ्याला लावला आणि म्हणाला, "खिडकी लहान केली रे यांनी." बरोबर बोलला. एम३ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये जग ०.९१ पट दिसतं, एम११ मध्ये ०.७३. एम३ मध्ये दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर फोटोत काय येणार ते दाखवणारी चौकट हवेत तरंगते आणि ५० ची चौकट एकटी दिसते. एम११ मध्ये तिच्यासोबत ७५ च्या चौकटीचे तुकडे लुडबुडतात. ५० मिलिमीटरसाठी एम३ पेक्षा चांगली खिडकी पुढच्या एकाही एम ला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या मामालाही एम३ चा पॅच, म्हणजे त्या दोन प्रतिमांचा मधला चौकोन, अजून जुळवता येतो. पण ३५ ची लेन्स लावणार असाल तर एम३ मध्ये तिची चौकटच नाही, हे विकणारा तुम्हाला सांगणार नाही.

दुसरी गोष्ट, एम११ चे साठ मेगापिक्सेल. फिल्म पोटात घालते, सेन्सर घालत नाही. लेन्स पूर्ण उघडून, एफ २ वर, मी मामाचे काढलेले बरेच फोटो घरी मोठे करून बघितले तर फोकस डोळ्यावर नसून कानाच्या पाळीवर. फिल्मवर हे दाण्यात दडून गेलं असतं आणि आपण स्वतःला शाबासकी दिली असती. उजेडाचं गणितही उलटं. निगेटिव्हला थोडा जास्त उजेड दिलेला चालतो, आकाश मागाहून सापडतं. एम११ मध्ये पांढरं एकदा उडालं की गेलं, पण काळोखातून काय काय वर येतं ते बघून मी थक्क झालो. निरांजनाच्या उजेडात मामीच्या साडीचा काठ मोजून घ्या.

चौपाटीवर किंवा मरीन ड्राइव्हला संध्याकाळी फिरायची सवय असेल तर आणखी एक. फिल्मच्या एम ना कापडी शटर आहे आणि पुढे आरसा नाही. लेन्स उघडी ठेवून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून लटकला तर भिंगाने कागद जळतो तसं पडद्याला भोक पडतं. म्हणून झाकण लावायचं. आणि खिडकी लेन्समधून बघत नसल्याने झाकण लावलेलं असतानाही जग लख्ख दिसतं आणि माणूस आनंदाने फोटो काढत बसतो. मुलुंडला मीही एक काढला. एम११ सेन्सरवरून उजेड मोजतो, त्यामुळे शटर उघडून बराच वेळ बंदच होईना, आणि स्क्रीनवर मिट्ट काळोख. पाच सेकंदांत कळलं. एम३ ने हे मला छत्तीस फोटोंनंतरही सांगितलं नसतं. मामाला मी हे तिथल्या तिथे, भटजींसमोर ऐकवलं.

आता पैसे. एम११ ची किंमत छोट्या गाडीएवढी. पण मी हिशेब केलाय, रोल, धुणं आणि स्कॅन धरून फिल्मच्या प्रत्येक फोटोमागे चाळीसेक रुपये जातात. त्या दिवशी मी चारशे फोटो काढले. गुणाकार तुम्ही करा. अर्थात फिल्मवर मी चारशे काढलेच नसते, तीन रोलांत भागवलं असतं, त्यामुळे हा हिशेब तितकासा प्रामाणिक नाही. सेकंडहँड एम६ विकताना पैसे बरेचसे परत येतात, डिजिटलचा नवेपणा लवकर उतरतो, हेही खरं. २०२२ मध्ये कंपनीने एम६ पुन्हा बनवायला घेतला म्हणजे माझ्यासारखा विचार सगळे करत नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलं. मामीने मामाला पेढा भरवला आणि मामा चक्क लाजला, तेव्हा मी मान खाली घालून आधीचा फोटो तपासत होतो. चारशे फोटोंत तो नाही. जेवताना मामा म्हणाला, "किती वेळा बघतोस रे त्या पाटीकडे?"

मी काही बोललो नाही, कारण एक गोष्ट मी त्याला कधी सांगितलेली नाही. एम३ अगदीच मुका नाही. रिवाइंडच्या नॉबवर मधोमध दोन लाल ठिपके आहेत, फिल्म सरकत असेल तर लीव्हरबरोबर ते फिरतात. १९८९ मध्ये आजीची तुला चालू असताना मामाने पाटावरून, मंत्र थांबवून, मला विचारलं होतं, "ठिपके फिरतायत ना?" मी न बघताच "हो" म्हणालो. शेवटी रिवाइंड करताना नॉब दोन वळशांत सैल पडला तेव्हाच मला काय ते कळलं होतं. तरी रात्रभर गप्प राहिलो आणि सकाळी मामाला टाकीत रसायन ओतू दिलं.

मामा ते विचारलेलं विसरलाय असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मुलुंडच्या हॉलमधून निघताना त्याने एम११ हातात घेऊन डाव्या खांद्यावरून अंगठा फिरवला, जिथे एम३ चा नॉब असतो तिथे. "इथे ठिपके नाहीत," म्हणाला आणि कॅमेरा मला परत दिला.

तुम्ही एम११ च घ्या. स्क्रीनवर फोटो आपोआप दिसणं मेन्यूतून बंद करता येतं, ते बंद ठेवा, शंका आली तरच बघा. मुंबईच्या उन्हात आणि लोकलच्या गर्दीत चंदेरीपेक्षा काळा घ्या, त्याची वरची प्लेट पितळेऐवजी अ‍ॅल्युमिनियमची असल्याने तो शंभरेक ग्रॅमने हलका आहे. आणि मामाचा एम३ विकाऊ नाही, मेसेज करून विचारू नये.