जर्मनीला निघताना आईबाबांची सोय: करोनाच्या अनुभवावरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार महिन्यांत दोघं श्टुटगार्टला निघताय, नोकरी पक्की आहे, आईबाबा नाशकातच राहणार. बाबा ७२ वर्षांचे, त्यांना मधुमेह आणि बीपी, आई ६८ वर्षांच्या, तुम्ही एकुलते. करोनासारखं पुन्हा काही उद्भवलं तर काय, आणि त्यासाठी आत्ता काय करून निघायचं? घरभाडं, शाळा, पगार यांवर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी एवढ्याच प्रश्नावर लिहितो, जरा लांबेल.

"काही झालं तर पहिल्या विमानाने येऊ" हे आधी डोक्यातून काढा. भारताने २३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली आणि नियमित सेवा पुन्हा सुरू झाली ती २७ मार्च २०२२ ला. मधल्या दोन वर्षांत मे २०२० पासून अडकलेल्यांना आणणारी सरकारी 'वंदे भारत' मोहिमेची विमानं आणि त्यानंतर एअर बबलची, म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवलेली, मोजकी उड्डाणं एवढाच आधार होता. उलट बाजूही तशीच. दुसऱ्या लाटेत, २६ एप्रिल २०२१ पासून, जर्मनीने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले. जर्मन नागरिक आणि जर्मनीचा रहिवासी परवाना असलेले यांनाच यायला मुभा होती, तीही चाचणी आणि १४ दिवसांच्या विलगीकरणाच्या अटीवर. हे निर्बंध जुलैच्या पहिल्या आठवड्यात सैल झाले. हातात नवा कोरा व्हिसा असलेले लोक तेवढे दिवस भारतातच अडकले.

त्या एप्रिल-मेमध्ये इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, मराठी मंडळींपैकी ज्यांच्या घरी आजारपण आलं, त्यांतल्या बहुतेकांकडे पैसे होते. अडलं ते दोन ठिकाणी: तिथे धावपळ करणारं कुणी नव्हतं आणि जे होतं त्याच्या हातात ना कागद होते ना पासवर्ड.

म्हणून आधी माणसं ठरवा, आणि एक नव्हे, दोन. दोघं वेगवेगळ्या घरांतली हवीत, कारण साथीत मदत करणारा आणि त्याचं अख्खं घरही त्याच आठवड्यात अंथरुणाला खिळतं. नात्यातलीच हवीत असं मुळीच नाही. पंधरा मिनिटांत घरी पोचणारा सोसायटीतला तरुण शेजारी हा चाळीस किलोमीटरवरच्या मामापेक्षा कधीही बरा. मोघम "लक्ष ठेवा हं" म्हणून निघू नका. समोर बसून विचारा: रात्री दोनला फोन केला तर उचलाल का, दवाखान्याच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून सही कराल का? घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा, नेहमीच्या डॉक्टरांकडे एकदा बरोबर घेऊन जा. दवाखान्याच्या फॉर्मवर संपर्कासाठी त्यांचाच भारतातला नंबर जाऊ द्या. करोना वॉर्डात नातेवाइकांना आत सोडत नसत, दिवसातून एकदा एका नंबरवर फोन यायचा, आणि बहुतेक दवाखान्यांच्या लँडलाइनवरून +४९ चा, म्हणजे जर्मनीचा, नंबर लागत नाही.

आता मोबाइल. हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण सगळ्यात जास्त घरं इथे अडली. चित्र नेहमी एकच असायचं. बाबा आयसीयूत, त्यांचा फोन त्यांच्याच पिशवीत, वॉर्डाच्या कपाटात, चार्ज संपून बंद. खातं फक्त त्यांच्या नावावर, ओटीपी त्याच फोनवर. आईंना फोनचा पिन माहीत नाही, विम्याचं कार्ड ईमेलमध्ये. काउंटरवर माणूस डिपॉझिट मागतोय. यावर उपाय अगदी साधा आहे: पिन कागदावर लिहून घरातल्या फाइलमध्ये ठेवा, विम्याच्या पॉलिसीवर आणि आईंच्या स्वतःच्या खात्यावर आईंचाच नंबर घाला, आणि दवाखान्यात जाताना फोनबरोबर चार्जर जाईल हे मदतनीसाला सांगून ठेवा.

तुमचं स्वतःचं भारतीय सिमही बंद पडू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, म्हणजे ओटीपी इकडे येतील. परदेशी नंबरवर यूपीआय चालणाऱ्या देशांच्या पहिल्या यादीत जर्मनी नव्हता, हेही लक्षात असू द्या.

पैशांबद्दल. जर्मनीतून पाठवलेली रक्कम कधी तासात पोचते, कधी शनिवार-रविवार मध्ये आला की सोमवारपर्यंत लटकते. डिपॉझिट मात्र रात्री अकरालाही मागतात. त्यामुळे निदान तीन ते पाच लाख रुपये नाशकातच, लगेच हाती येतील अशा खात्यात पडून असू द्यात, मुदत ठेवीला जोडलेलं खातं असेल तर उत्तम. आई-बाबांची सगळी खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने चालणारी, करून घ्या. अनिवासी झाल्यावरही जवळचा नातेवाईक म्हणून तुम्हाला त्यांच्या निवासी खात्यात जोडधारक राहता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे. शाखेतल्या माणसाला हे माहीत नसेल तर व्यवस्थापकाला भेटा, वाद घालायची तयारी ठेवा. तुमचं स्वतःचं बचत खातं मात्र एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करावंच लागतं.

खातेदार सही करण्याच्या अवस्थेत नसेल तर बँक अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घेऊ शकते. दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पण आयसीयूच्या दारात बँक अधिकारी आणायचा हा उद्योग साथीत कोण करणार? जोडखातं हाच खरा मार्ग.

मुखत्यारपत्राबद्दल लोकांची मोठी चुकीची समजूत असते. बाबांनी तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं की सगळं सुटलं, असं नाही. देणारा माणूस गेला की ते त्याच क्षणी संपतं, आणि शुद्ध हरपून व्यवहाराची समज राहिली नाही तरी भारतीय कायद्यात त्याचा आधार उरत नाही. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते निकामी. म्हणून त्याच्या जोडीला बाबांचं आणि आईंचं इच्छापत्र, सगळ्या खात्यांवर आणि सोसायटीत नामनिर्देशन, आणि गावी जमीन असेल तर सातबाऱ्यावर नाव नीट लागलंय की नाही हे बघा. नामनिर्देशित माणूस पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच असतात. इच्छापत्राला त्यामुळे पर्याय नाही.

तुमच्या स्वतःच्या फ्लॅटच्या वगैरे कामांसाठी मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर निघण्याआधी नाशकात दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच द्या. इकडून करायचं झालं तर भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावं लागेल; श्टुटगार्टसाठी म्युनिकचं कॉन्सुलेट. अपोस्टिलच्या (वकिलातीशिवाय परदेशात कागद ग्राह्य ठरवणारा शिक्का) वाटेला जाऊ नका, भारताच्या त्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. असा कागद भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे बहुतेक जण विसरतात.

विमा. आई-बाबांची पॉलिसी आजच घ्या, निघायच्या आठवड्यात नको. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, तो संपेपर्यंत त्या आजारांचा खर्च मिळत नाही. २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आणि तो पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात. मधुमेह आणि बीपी फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा, एजंट "लिहू नका" म्हणाला तरी लिहा. खोलीभाड्याची मर्यादा बघा: मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर फक्त भाड्यातला फरक नव्हे, बिलातल्या बऱ्याच रकमा त्याच प्रमाणात कापल्या जातात. बाबा सत्तरीपुढचे असल्याने उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्डाखाली वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. त्यासाठी आधार लागतं. आईंना दोन वर्षं थांबावं लागेल. खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढून ठेवा.

ऑक्सिजनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण २०२१ मध्ये परदेशातून सगळ्यात जास्त पैसे वाया गेले ते इथे. घरी एक चांगला ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का दाखवणारं यंत्र) ठेवा आणि आईबाबांना धडधाकट असतानाच वापरायला शिकवा. हात गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. बोट चोळून गरम करायचं, हात टेबलावर स्थिर ठेवायचा, आकडा स्थिरावला की मगच लिहायचा. बसून ९४ च्या खाली येत असेल तर डॉक्टर. सहा मिनिटं घरात चालून आकडा घसरत असेल, तरी डॉक्टर. त्यावेळी अनेकांनी दम लागत नाही म्हणून ८५ पर्यंत वाट पाहिली. करोनात दम न लागताही ऑक्सिजन उतरतो, तेव्हा "मला बरं वाटतंय"वर विसंबून चालत नाही.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, इकडून पाठवायच्या भानगडीत पडू नका. ३० एप्रिल २०२१ ला सरकारने भेट म्हणून वैयक्तिक आयातीला तात्पुरती सूट दिली तेव्हा जगभरातून यंत्रं गेली. अमेरिकेतली बरीच १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची होती. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते; कॉम्प्रेसर हळू फिरतो आणि हवा कमी मिळते. जर्मनीत वीज भारतासारखीच, पण बिघडल्यावर दुरुस्ती आणि फिल्टर कुठून आणणार? नाशकातच भाड्याने देणाऱ्यांचे नंबर काढून ठेवा.

यंत्राची कुवतही समजून घ्या. पाच लिटरचं यंत्र मिनिटाला पाच लिटर देतं, तेही साधारण साडेतीनशे वॉट विजेवर. लोडशेडिंग असेल तर इन्व्हर्टर तेवढा भार किती तास पेलतो ते आधी तपासा. ज्या रुग्णाला दहा-पंधरा लिटर मास्कने लागतात त्याला या यंत्राचा उपयोग नाही, त्याला बेडच हवा. घरगुती यंत्र म्हणजे बेड मिळेपर्यंतचा किंवा घरी परतल्यानंतरचा आधार. सिलिंडरचं गणितही साधं आहे: छोटा दीड हजार लिटरचा, मिनिटाला पाच लिटरने पाच तास, सात हजार लिटरचा जम्बो साधारण तेवीस तास. म्हणजे एका जम्बोवर एक दिवसही पुरा निघत नाही, आणि भरून आणायच्या रांगेत चार-सहा तास जायचे.

औषधांसाठी अनोळखी नंबरवर पैसे पाठवू नका. रेमडेसिविर या करोनावरच्या इंजेक्शनच्या नावाखाली २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये खूप जण फसले. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच ते सरसकट वापरू नये असं म्हटलं होतं; तरी दवाखान्याच्या चिठ्ठीवर नाव आलं की घरचे सैरभैर व्हायचे, आणि ते साहजिकही होतं. चिठ्ठी हातात आली की आधी डॉक्टरांना थेट विचारा: हे नसेल तर काय करता?

आता तुमच्या बाजूचे कागद. इथल्या साध्या रहिवासी परवान्यावर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तो रद्द होतो. ब्लू कार्डला (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) ही मुदत बारा महिने आहे. बाबांच्या आजारपणात चार महिन्यांचे सात व्हायला वेळ लागत नाही. लांबणार असं दिसलं की मुदत संपण्याआधीच आउसलेंडरबेहोर्डला (परदेशी नागरिकांचे परवाने देणारं कार्यालय) लेखी कळवून वाढीव मुदत मागा. परवाना नूतनीकरणात असताना 'फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग' नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघा. जर्मनीच्या रहिवास कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाखाली असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसऱ्याखाली असेल तर परत येता येत नाही. मुदत संपायच्या बरीच आधी अर्ज करा, भेटीच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नाहीत. कंपनीबरोबर करार करतानाच विचारा: घरच्या गंभीर आजारासाठी बिनपगारी रजा किती, भारतातून काही आठवडे काम चालेल का? तोंडी "बघू" नको, ईमेलवर घ्या.

आई-बाबांना इकडेच का आणू नये, हेही तुम्ही विचाराल. १ मार्च २०२४ पासून किंवा त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना आणायची सवलत आहे. कागदावर छान. अडचण विम्याची आहे: सरकारी आरोग्य विम्यात जोडीदार आणि मुलं येतात, आई-वडील नाहीत, आणि ७२ व्या वर्षी मधुमेह असलेल्या माणसाला खाजगी कंपनी सहसा घेत नाही. विम्याशिवाय परवाना नाही. म्हणून यावर भिस्त ठेवू नका.

भेटीला मात्र आणा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, आणि किमान तीस हजार युरोचा प्रवास विमा. २०२० च्या मार्चमध्ये भेटीला आलेले बरेच आईवडील इकडेच अडकले आणि पहिली अडचण औषधांची आली. भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथला औषधवाला घेत नाही, आणि भारतातली ब्रँडची नावं त्याला माहीत नसतात. मधुमेहाच्या दोन-तीन औषधांच्या एकत्र गोळ्या तर कित्येकदा इथे मिळतच नाहीत. म्हणून मुक्कामापेक्षा महिनाभराची जास्तीची औषधं, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेला कागद: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. तो दाखवला की इथला हाउसआर्ट्झ्ट (फॅमिली डॉक्टर) खाजगी चिठ्ठी लिहून देतो. पैसे खिशातून जातात.

मूल झालं आणि त्याला जर्मन नागरिकत्व मिळालं तर ओसीआय कार्डाचा (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) अर्ज लांबवू नका. मार्च २०२० मध्ये ओसीआयवाल्यांचाही विनाव्हिसा प्रवेश थांबवला होता. आईबाप भारतीय पासपोर्टवर जाऊ शकत होते, लेकरू नाही. २२ मे २०२० ला ओसीआय असलेल्या अशा मुलांना सूट मिळाली. ज्यांचं कार्डच निघालं नव्हतं त्यांना त्या सुटीचाही फायदा नव्हता.