स्मरणशक्तीसाठी शब्दकोडे पुरेसे आहे का?

प्रश्न : माझे वय ६६ आहे. ओळखीच्या माणसांची नावे हल्ली ऐन वेळी आठवत नाहीत. आईला उतारवयात स्मृतिभ्रंश झाला होता, त्यामुळे धास्ती वाटते. मी रोज शब्दकोडे सोडवते. तेवढे पुरेसे आहे का? की स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू कराव्यात?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : नाव ऐन वेळी न आठवणे आणि थोड्या वेळाने आपोआप आठवणे, हे वाढत्या वयात बहुतेकांच्या बाबतीत घडते. मात्र नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, व्यवहाराचा हिशेब न जमणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे असे घरच्यांच्या लक्षात येऊ लागले, तर डॉक्टरांना दाखवण्यास उशीर करू नये. आईला झाला म्हणून तुम्हालाही होईलच, असे नाही.

शब्दकोडे आनंदाने सोडवा. पण त्याहून अधिक लक्ष रक्तदाबाकडे आणि कानांकडे द्या, असे मी आग्रहाने सांगेन. चढ्या रक्तदाबामुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे खराब होत राहतात आणि त्रास काहीच जाणवत नसल्याने अनेक जण गोळी परस्पर बंद करतात. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात स्मरण व आकलनातील सौम्य घट कमी जणांमध्ये आढळली. तुमच्यासाठी योग्य आकडा मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावा, कारण रक्तदाब फार उतरल्यास चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

कानांकडे तर आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. ऐकू कमी आले की माणूस हळूहळू गप्पांतून अंग काढून घेतो आणि मेंदूला मिळणारी चालना कमी होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. त्यांत बहिरेपणाचा वाटा मोठा आहे. चष्मा लावताना आपण संकोचत नाही. तसाच श्रवणयंत्राबाबतही संकोच नसावा.

रोज अर्धा तास, बोलताना किंचित दम लागेल इतक्या वेगाने चालावे. गोळ्यांबाबत म्हणाल, तर जाहिरातींतील औषधांवर पैसे खर्च करण्याआधी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासून घ्या. विशेषतः शाकाहारी असाल तर बी-१२ ची कमतरता असण्याची शक्यता अधिक असते आणि ती वेळेवर भरून काढल्यास विस्मरण कमीही होऊ शकते. तपासणीला जाताना घरातील कोणाला तरी सोबत न्या आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे, झोपेची गोळी घेत असाल तर तीसुद्धा, डॉक्टरांना दाखवा.