सीएनजी किटसाठी एफडी मोडू नका काका, आधी स्पीड कमी करून बघा

काका, तुमचं पत्र वाचलं. लेक पुण्यात, महिन्याला एक फेरी, नऊ वर्षांची पेट्रोल गाडी, ॲव्हरेज १६, आणि एफडी मोडून ६५ हजाराचं सीएनजी किट बसवू का असं विचारताय. माझं मत, नको.

बघा की, बेळगाव-पुणे जाऊन येऊन ६८० किमी धरले तर साडेबेचाळीस लिटर, तुमच्या १०३ च्या भावानं जवळपास ४,४०० रुपये. सीएनजीवर फेरीमागं १,३०० वाचतील म्हणताय, ते मान्य केलं तरी वर्षाला १५,६००, म्हणजे किटचे पैसे निघायलाच चार वर्षांच्या वर, त्यात एफडीचं व्याज बुडालं, आरसीवर नोंद करा, इन्शुरन्सला कळवा, सिलेंडरची दर तीन वर्षांनी टेस्टिंग, आणि तोवर गाडी तेरा वर्षांची झालेली. डिकी जाते ती वेगळीच, लेकीला तांदळाचं पोतं न्यायचं कुठं ओ?

खरे पैसे जिथं जातात ते तुम्ही एका ओळीत लिहून सोडून दिलंय, "हायवेला ११० नं मारतो". स्पीड वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गानं वाढतो, म्हणजे स्पीड दुप्पट तर विरोध चौपट, आणि ते सगळं पेट्रोलमधनं जातं, चारपदरी हायवेला कारला लिमिट पण १०० चंच आहे. टॉप गिअरला ८०-८५ वर धरा, टायरची हवा गाडी थंड असताना बघा. ॲव्हरेज १९ पडला तरी फेरी ३६ लिटरात होते, पावणेसातशे वाचले, म्हणजे किटच्या निम्मे, खर्च शून्य. वेळ एका बाजूला तासभरापर्यंत जास्त जाईल, पण साताऱ्याच्या अलीकडं सहापदरीच्या कामात ११० तसंही टिकत नाही.

पेट्रोलवर जीएसटी नाही, राज्याराज्याचा टॅक्स वेगळा, म्हणून आपल्याकडं कर्नाटकात ते सहसा महाराष्ट्रापेक्षा थोडं स्वस्त. निपाणीत टाकी फुल करा, १९ च्या ॲव्हरेजला पुणे करून परत निपाणी गाठायला २८-२९ लिटर पुरतात. पण त्यासाठी वाट वाकडी करू नका, पन्नास-साठ रुपयांचाच फरक.

टोलचं मात्र नक्की बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये फास्टॅगचा वर्षाचा पास ३,००० ला सुरू झाला, २०० वेळा टोल ओलांडता येतो, तुमच्या वाटेवरचे कुठले टोल त्यात बसतात ते राजमार्गयात्रा ॲपवर तपासून मगच घ्या.

पुढच्या दोन फेऱ्या टाकी फुल ते फुल मोजा, लिटर वहीत लिहा आणि मला पाठवा. एफडी तोवर राहू दे.