सात की साठ?

“मॅडम, आप्पांना विसरायचा आजार झालाय का हो?” विट्याहून आलेल्या सूनबाईंनी खुर्चीत टेकायच्या आत कागद पुढं केला. आरोग्य शिबिरात झालेली स्मरणशक्तीची चाचणी, 30 पैकी 16 गुण. मोठ्या दिरांनी तर बँकेच्या सह्यांचं आताच बघून घ्या म्हणून घाई लावलेली.

आप्पा 72 वर्षांचे. उभा जन्म यंत्रमागावर गेलेला. मी काहीही विचारलं की हसून “हो, हो” म्हणायचे. ते हसू मी ओळखते. ऐकू न आलेला माणूस असाच हसतो.

कागदावरच्या एका ओळीशी मी अडकले. 100 मधून सात वजा करत जायचे होते. आप्पांचं उत्तर: 40, मग उणे 20. पुढं शून्य गुण. पण गोंधळलेला माणूस असा नेमका उणे 20 वर कशाला जाईल? त्यांना ‘सात’ ऐकूच आलं नव्हतं, ‘साठ’ आलं होतं. हिशेब चोख होता. शेजारी माईकवर नावं पुकारत होते आणि विचारणाऱ्याच्या तोंडाला मास्क होता, हे सूनबाईंना नंतर आठवलं.

वयानं किंवा मागाच्या खडखडाटानं कान अधू होतात तेव्हा आधी बारीक, उंच आवाज जातात. स्वर पोचतात, त, ठ, स, फ निसटतात. म्हणून “आवाज येतो, पण बोलणं कळत नाही.” घरचे म्हणतात, “सोयीचं बरं ऐकू येतं!” या वाक्याचा मला अजून राग येतो. आणि चाचणीतले पाच शब्द कानात शिरलेच नाहीत, तर आठवायचे कुठून?

कानातला मळ काढून सांगलीत ऑडिओग्राम केला, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो याचा आलेख. 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे उंच आवाजांच्या जागी, रेघ पार खाली गेलेली. ऐकण्याचं मशीन बसवलं, तर आठवड्यात काढून ठेवलं. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणे. मग रोज तासभर घालून, हळूहळू वेळ वाढवत सवय लावली.

तीन महिन्यांनी शांत खोलीत, समोरासमोर बसून, मशीन लावून, सूचना लिहूनही दाखवत पुन्हा चाचणी झाली. 93, 86, 79... थांबा म्हणावं लागलं. एकूण 23.

पाच शब्दांतले मात्र थोड्या वेळानं दोनच आठवले. ते मी लपवलं नाही. कान अधू आणि स्मृतीही उतरणीला, दोन्ही एकाच माणसात असू शकतं. बी-12, थायरॉईड तपासून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करा, असं सांगितलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाच्या, म्हणजे विसरायच्या आजाराच्या, 14 बदलता येण्याजोग्या जोखमींत बहिरेपणा आहे. मशीन लावलं की आजार टळलाच, अशी हमी मात्र कुणी देत नाही.

परवा सूनबाईंचा फोन आला. दिरांनी सह्यांचा विषय पुन्हा काढला होता, हळू आवाजात. पाठमोरे बसलेले आप्पा वळले आणि म्हणाले, “पासबुक आण. कुठं सही करायची ते मी सांगतो.”